पहिल्यांदा एकट्याने फिरायला निघताय? आधी उजेडात पोचायचं ठरवा (डोंबिवली ते मालवण, सगळं सविस्तर)

गेल्या चार वर्षांत दोन मावसबहिणी, एक मामेभाऊ आणि ऑफिसातली एक नवीन मुलगी अशा चौघांची पहिली एकट्याची ट्रिप मी स्वतः शेजारी बसून आखून दिली आणि चौघांनाही मालवणलाच पाठवलं. दर वेळी तेच प्रश्न येतात, तिकीट कुठून काढू, रूम देतील का, रात्री भीती वाटली तर काय, आई नाही म्हणतेय काय करू. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी डोंबिवलीची, त्यामुळे रस्ता डोंबिवलीपासूनचा सांगितलाय, पण तुम्ही पुण्याचे असा नाहीतर नाशिकचे, पद्धत तीच.

मालवणच का? पहिल्या वेळेला जिथे आपली भाषा चालते तिथेच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. मनाली, गोकर्ण, वर्कला सगळं छान आहे पण पहिल्यांदा एकटं असताना काही बिघडलं की माणसाला पटकन बोलता आलं पाहिजे, रिक्षावाल्याशी, दुकानातल्या काकूंशी, पोलिसांशीसुद्धा, आणि तेव्हा मनातल्या मनात हिंदी नाहीतर इंग्रजी जुळवत बसायला लागू नये. शिवाय मालवण छोटं आहे, बाजारपेठ, एसटी स्टँड, जेटी (होड्यांचा धक्का) सगळं पायी होतं, आणि गावात बाहेरून आलेला माणूस लगेच ओळखू येतो, म्हणजे लोकांचं तुमच्याकडे लक्ष असतं. एकट्या माणसासाठी हे लक्ष चांगलं.

आणि एकच नियम आहे ज्यावर मी अडून बसते. नव्या गावात उजेडात पोचायचं. मी २० वर्षांची असताना पहिल्यांदा एकटी निघाले ती बस तीन तास लेट झाली, रात्री सव्वादहाला एका अनोळखी गावात उतरले, फोनवर बोलून ठेवलेल्या लॉजवर गेले तर काउंटरवरचा माणूस म्हणाला एकट्या मुलीला रूम देत नाही. फोनवर हो म्हणालेले. बाहेर दुकानं बंद, मोबाईल १४ टक्के. शेवटी समोरच्या मेडिकलवाल्या काकांनी शटर ओढता ओढता मला बघितलं, घरी बायकोला फोन केला आणि मी ती रात्र त्यांच्या घरी काढली. काही वाईट झालं नाही, पण ती वीस मिनिटं मी अजून विसरलेले नाही. हेच दुपारी बारा वाजता झालं असतं तर मी सरळ चार लॉज फिरून पाचव्यात रूम घेतली असती. म्हणून ट्रिप आखताना आधी पोचायची वेळ ठरवायची आणि मग तिथून उलटं मागे येत गाडी निवडायची, रूम निवडायची, सगळं.

आधी एका दिवसाची तालीम

मालवणच्या आधी एक दिवस एकट्याने जाऊन संध्याकाळी घरी या. मुंबई-ठाण्याकडच्यांना अलिबाग उत्तम, गेटवेवरून मांडव्याची बोट, बोटीच्या तिकिटातच पुढची अलिबागपर्यंतची बस धरणाऱ्या कंपन्या आहेत (पावसाळ्यात या बोटी बंद असतात). नागपूरकडच्यांना सेवाग्राम, संभाजीनगरकडच्यांना वेरूळ.

अलिबागला कुलाबा किल्ला आहे, ओहोटीला चालत जाता येतं, आणि इथे एक गोष्ट शिकून घ्या जी पुढे मालवणलाही कामाला येते. पंचांगातली तिथी बघायची (कालनिर्णयवर असते), तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. समजा षष्ठी आहे, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती आणि साधारण सहा तास आधी म्हणजे साडेदहाला ओहोटी. शुद्ध असो वद्य असो, हिशोब तोच. कोकणातली जुनी माणसं असंच काढतात. हा अंदाज आहे हां, पाण्यात पाय घालायच्या आधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारायचंच, पण अंदाज असला की निदान कुठल्या दिवशी जायचं ते तरी ठरवता येतं.

तालमीत अजून एकच काम करायचं, एकट्याने हॉटेलात बसून पूर्ण जेवायचं. मोबाईल बॅगेत. बऱ्याच जणांना प्रवासापेक्षा हेच जड जातं आणि ते आधी कळलेलं बरं.

घरी कसं सांगायचं

खोटं बोलून जाऊ नका. मैत्रिणीकडे जाते सांगून मालवणला गेलात आणि तिथे पाय मुरगळला तर पहिला फोन कोणाला लावणार? एकट्या माणसाचा खरा आधार घरी बसलेला माणूस असतो, त्यालाच अंधारात ठेवून चालत नाही.

माझे बाबा म्हणालेले, "अगं मैत्रिणींना घे ना बरोबर, एकटीच कशाला?" यावर वाद घालून उपयोग नसतो, स्वातंत्र्य वगैरे भाषणाने तर अजून बिघडतं. मी काय केलं, एक फुलस्केप घेतला आणि त्यावर सगळं लिहिलं. गाडीचं नाव, नंबर, डबा, बर्थ, कुडाळला (मालवणला जायला इथे उतरतात) पोचायची वेळ, होमस्टेचा पत्ता आणि काकूंचा नंबर, रोज कुठे जाणार, परतीची गाडी, आणि खाली फोनच्या दोन वेळा, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. तो कागद फ्रिजवर लावला. बाबांनी दोनदा वाचला आणि विचारलं "कुडाळहून पुढे काय?" तेव्हाच मला कळलं हो झालंय. मावसबहिणीच्या वेळी मावशीने स्वतः होमस्टेच्या काकूंना फोन केला, त्या दोघींचं अर्धा तास बोलणं झालं, त्यानंतर मावशीला काही सांगावंच लागलं नाही.

फोनचा नियम मात्र दोन्हीकडून पाळायचा. तुम्ही वेळेवर करायचा, आणि त्यांनी मध्ये दर तासाला करायचा नाही. नऊचा फोन आला नाही तर घरच्यांनी दहापर्यंत थांबायचं, मग काकूंना लावायचा, हेही आधीच ठरवून ठेवा, कारण रेंज जाते, बॅटरी जाते, आणि तेवढ्यावरून घरी रडारड नको. लाइव्ह लोकेशन एका माणसाला द्या, ज्याला मॅप बघता येतो अशा.

तारीख कुठली

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. गणपतीत कोकणच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते ते सांगायला नकोच. एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते ती म्हणजे आंगणेवाडीची जत्रा. मालवणजवळ मसुऱ्याला भराडीदेवीची ही जत्रा फेब्रुवारी-मार्चच्या आसपास असते, पण तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, कॅलेंडरात आधीपासून छापलेली नसते. त्या दिवसांत गाड्या, रूम सगळं फुल. जाहीर झाली का बघा आणि मग तिकीट काढा. पावसाळ्यात किल्ल्याची बोट आणि समुद्रातले खेळ बंद असतात, कोकण रेल्वेचं टाइमटेबलही वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, त्यामुळे पहिल्या वेळेला तो सीझन नकोच.

दिवस आठवड्याच्या मधले घ्या. बुधवारी रात्री निघून रविवारी परत हे मला सगळ्यात बरं वाटतं. तीन रात्री मालवणला पुरेत.

तिकीट

रिझर्व्हेशन प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झालं. कोकणच्या गाड्या पटकन भरतात तेव्हा ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी सकाळी काढा. तत्काळवर अवलंबून राहू नका, आणि वेटिंगवर तर निघूच नका, वेटिंगच्या तिकिटावर रिझर्व्हेशनच्या डब्यात बसता येत नाही. आरएसी असेल तर बसायला जागा मिळते, पण एका साइड बर्थवर दोघं. पहिल्यांदा एकटं जाताना कन्फर्मच पाहिजे.

आता गाडी. आपल्याला उजेडात कुडाळला उतरायचंय, त्या हिशोबाने रात्रीची कोकणकन्या नाहीतर तुतारी. दोन्ही रात्री निघतात आणि सकाळी कुडाळला सोडतात, लेट झाली तरी दिवसच असतो, उलट लेट झाली तर झोप जास्त मिळते. मांडवी सकाळची गाडी आहे, खिडकीतून कोकण बघायला तिच्यासारखी गाडी नाही, पण कुडाळला यायला संध्याकाळ होते आणि थोडी जरी रखडली की थंडीत अंधार पडलाच. म्हणून मांडवी परतीला.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण माझ्या मामेभावाची पहिली खेप इथेच बुडाली, मालवणला तो नंतरच पोचला. तुतारी दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर निघते. म्हणजे बुधवारी रात्री जेवून घराबाहेर पडायचं असेल तर तिकीट गुरुवारच्या तारखेचं पाहिजे. भावाने अशाच एका मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट बुधवारच्या तारखेचं काढलेलं, रात्री साडेअकराला बॅग घेऊन ठाण्याला गेला आणि चार्टवर नाव नाही, कारण त्याची गाडी आदल्या रात्रीच गेली होती. टीसीने शांतपणे समजावलं, पण पैसे गेले आणि रजाही. कोकणकन्या मुंबईहून अकरानंतर निघते, ठाण्याला बाराच्या आत येते, पण पनवेलला जाईपर्यंत तारीख बदललेली असते. तेव्हा ज्या स्टेशनवर तुम्ही चढणार तिथली वेळ आणि तारीख बघून तिकीट काढा, आणि काढल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या.

बर्थ अप्पर घ्या. तिथे कोणी येऊन बसत नाही, बॅग डोक्याशी ठेवता येते, हवं तेव्हा झोपता येतं. मुलींनी तिकीट काढताना लेडीज कोटा बघावा, एकट्या बाईला त्यात जागा मिळू शकते. आरपीएफचं (रेल्वेच्या सुरक्षा दलाचं) मेरी सहेली म्हणून पथक आहे, २०२० पासून, लांबच्या गाड्यांत एकट्या बायकांना येऊन भेटतात, काही लागलं तर कसं सांगायचं ते सांगतात. आल्या तर घाबरू नका, नीट बोला. स्लीपरचं तिकीट साधारण चारशेच्या आतबाहेर पडतं.

राहायचं कुठे

पहिल्या वेळेला घरगुती होमस्टे, ज्यात मालकांचं कुटुंब त्याच आवारात राहतं असा. लॉज नको, समुद्राला लागून एकटं पडलेलं कॉटेज तर अजिबात नको, फोटोत कितीही सुंदर दिसलं तरी. मालवणजवळचं तारकर्ली, देवबाग सुंदर आहे पण संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर फारसं कोणी नसतं आणि रिक्षाही मिळत नाही. मालवण गावात बाजारपेठेपासून चालत दहा मिनिटांत असेल असं घर बघा.

ॲपवर बघा, पण बुक करायच्या आधी फोन कराच, आणि पहिलंच वाक्य हे बोला: "काकू, मी एकटी येणार आहे, तीन रात्री, चालेल ना?" आणि मग गप्प राहून ऐका. "हो ये की, जेवणार काय तू, मासे खातंस ना?" असं आलं तर काम झालं. "बघू, या तर" असं आलं तर दुसरा नंबर लावा. १८ वर्षं पूर्ण असलेल्या एकट्या माणसाला रूम देऊ नये असा काही कायदा नाही, पण लॉजच्या काउंटरवर रात्री कायदा सांगत उभं राहण्यापेक्षा हे फोनवर संपलेलं बरं. बोलणं झालं की व्हॉट्सॲपवर तारीख, रेट, एकटी येणार हे लिहून त्यांच्याकडून ओके घ्या. सगळे पैसे आधी भरू नका, एका रात्रीचा ॲडव्हान्स ठीक.

फोनवर अजून विचारायचं: सकाळी लवकर पोचले तर बॅग ठेवता येईल का, रात्रीचं जेवण घरात मिळेल का, एसटी स्टँडवरून चालत किती. रूम ताब्यात घेताना आतली कडी लावून बघा, खिडकी बंद होते का बघा, बाथरूमचा दरवाजा बघा. पटलं नाही तर तिथल्या तिथे सांगा. सकाळची वेळ आहे, दुसरं शोधायला अख्खा दिवस आहे, म्हणून तर सकाळी पोचायचं.

ओळखपत्र सगळीकडे मागतात. आधारची झेरॉक्स देण्यापेक्षा मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. गाडीत डिजिलॉकरमधलं चालतं, तरी एक मूळ कार्ड जवळ असू दे.

बॅग आणि पैसे

एकच सॅक. परीक्षा सोपी आहे, भरलेली सॅक पाठीला लावून स्टेशनचा पूल न थांबता चढून उतरून बघा, धाप लागली तर सॅकमधले कपडे कमी करा. तीन दिवसांना तीन टीशर्ट, एक जास्तीची पँट, टॉवेल पातळ, चादर (स्लीपरमध्ये लागते), टॉर्च, पॉवर बँक, पाण्याची बाटली, नेहमीची औषधं, ओआरएस, पॅड. समुद्रात भिजणार म्हणून एक प्लास्टिकची पिशवी. मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, बोगद्यांत आणि घाटात रेंज नसते.

पैशांचा माझा हिशोब असा पडतो: रेल्वे येऊन-जाऊन आठशे, एसटी-रिक्षा सात-आठशे, घरगुती नॉन-एसी रूम मला हजार ते पंधराशे रोजची मिळालीय, जेवण रोजचे सहाशे-सातशे कारण मासे खायचेच, बोट वगैरे पाचशे. म्हणजे सात ते नऊ हजार, आणि वर दोन हजार ज्यांना हात लावायचा नाही. स्कुबा करायचं असेल तर वेगळे. यूपीआय सगळीकडे चालतं पण नेट गेलं की काही चालत नाही, तेव्हा अडीच-तीन हजार कॅश तीन ठिकाणी वाटून ठेवा, पाकिटात, सॅकच्या तळाशी, आणि मोबाईलच्या कव्हरमध्ये एक पाचशेची नोट.

गाडीतली रात्र

अर्धा तास आधी स्टेशनला. घरचं कोणी सोडायला येत असेल तर येऊ द्या, त्यात कमीपणा नाही. चढल्यावर आजूबाजूला एकदा नीट बघा, कोणी कुटुंब, कोणी आजी असेल तर दोन शब्द बोला, "कुठे उतरणार आजी तुम्ही?" एवढंच. कोकणच्या गाडीत निम्मा डबा गावाला चाललेला असतो, एकदा बोलणं झालं की सकाळी तेच तुम्हाला हाक मारून उठवतात. चहा-पाणी विक्रेत्याकडून घ्या, अनोळखी माणसाने दिलेलं खाऊ नका, आग्रह झाला तरी "पोट बरं नाही" म्हणा.

मोबाईल, पाकीट, तिकीट अंगावर, सॅक उशाला. कुडाळ सकाळी येतं म्हणून अलार्म पाऊण तास आधीचा, आणि गाडी कुठे आहे ते बघणारं ॲप ठेवा, व्हेअर इज माय ट्रेन नेटशिवायही टॉवरवरून सांगतं. कोणी त्रास देत असेल तर रेल्वेचा १३९ नंबर लावा, किंवा सरळ मोठ्याने बोला, डबाभर लोक उठतील असं. लाजायचं नाही. कुठेही, कधीही अडचण आली तर ११२.

कुडाळ ते मालवण

स्टेशनबाहेर रिक्षा असतात. थेट मालवणपर्यंत सोडतो म्हणतील, पण पहिल्यांदा एसटीनेच जा, रिक्षाने फक्त एसटी स्टँडपर्यंत. बसायच्या आधी भाडं विचारा. स्टँडवर पोचलं की चौकशीच्या खिडकीवर विचारायचं, मालवण गाडी किती वाजता, कुठल्या फलाटाला. आणि तिथेच भिंतीवरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवायचा, परतीला लागतो. तासाभराचा रस्ता आहे. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, कंडक्टरला सांगावं लागत नाही पण सुट्टे जवळ असू देत. डावीकडची खिडकी, उजवीकडची खिडकी काही फरक नाही, मी कंडक्टरच्या जवळची सीट बघते.

पहिली संध्याकाळ

याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून मी जास्त लिहिणार आहे. सकाळ छान जाते, नवीन जागा, आंघोळ, नाश्ता, झोप. मग साधारण साडेपाच-सहाला काहीतरी होतं. ऊन उतरतं, सगळे आपापल्या घोळक्यात असतात, आणि पोटात एकदम खड्डा पडल्यासारखं वाटतं. घरी जावंसं वाटतं. मला वाटलं, चौघांनाही वाटलं, मामेभाऊ तर रात्रीच्या बसचं तिकीट बघत होता. हे होणारच आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठेपर्यंत ते गेलेलं असतं, तोपर्यंत फक्त वेळ काढायची.

रूमवर बसू नका. संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर जेटीजवळ मासळीचा लिलाव होतो तिथे जा. होड्या लागतात, टोपल्या वाळूत ओततात, बांगडे, सुरमई, कोळंबी, कधी तोंड वासलेला मोठा मोरी मासा, आणि भोवती माणसांचं कडं. लिलाव पुकारणारा इतक्या भरभर बोलतो की पहिली दहा मिनिटं एक अक्षर कळत नाही. पाठीमागे उभं राहायचं, मध्ये पाय घालायचा नाही, त्यांचं काम चालू असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी एक आजी रिकामी टोपली घेऊन उभ्या होत्या, त्यांनी विचारलं "खंयसून इलंस गो?" मी सांगितलं डोंबिवली. एकटीच? हो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या "जेवलंस काय?" संध्याकाळचे सहा वाजले होते. मग तोंडाला पदर लावून हसल्या आणि मला कुठला मासा कसा ताजा ओळखायचा ते दाखवलं, कल्ले उघडून, आत लालभडक पाहिजे. त्यांचा तो ओला, खवल्यांनी चमकणारा अंगठा अजून डोळ्यासमोर आहे. मी परत आले तेव्हा तो खड्डा बराचसा भरला होता.

जेवण साडेसात-आठला, भरलेल्या घरगुती खानावळीत. भरलेली म्हणजे मासे ताजे आणि तुम्ही एकटे नाही. मासे खात असाल तर बांगड्याची थाळी नाहीतर तिसऱ्या (शिंपल्या), नसाल तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, सोलकढी दोघांनाही. जेवताना मोबाईलमध्ये तोंड घालू नका, वाढणाऱ्या ताईंना विचारा आज काय चांगलं आहे. नऊला घरी फोन. फोनवर रडू आलं तर येऊ द्या, पण परत येते असं त्या रात्री ठरवू नका, सकाळी ठरवा.

किल्ला आणि समुद्र

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सिंधुदुर्ग. कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ मध्ये बांधकाम सुरू केलं. जेटीवरून होडी मिळते, होडी भरेपर्यंत थांबावं लागतं, एकटे असाल तर उलट लवकर नंबर लागतो. किल्ल्यात साधारण तासाभराचा वेळ देतात आणि त्याच होडीने परत यायचं असतं, तेव्हा होडीचं नाव आणि तांडेलाचा (होडी चालवणाऱ्याचा) चेहरा लक्षात ठेवा. आत शिवराजेश्वर मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. त्या विहिरीत वाकून बघायला घाई करू नका. घोळक्याबरोबर असलं की सेल्फी काढून पुढे जातो आपण, एकटं असताना थांबता येतं, मला तरी एकट्याने फिरणं तिथे पहिल्यांदा आवडलं.

तिसरा दिवस तारकर्ली-देवबाग, सकाळी जाऊन उजेड असताना परत. समुद्रात गुडघ्याच्या वर जायचं नाही. पोहता येत असलं तरी नाही, कारण तुम्हाला बघणारं किनाऱ्यावर कोणी नाही. यात मला अजिबात तडजोड नको आहे. पाणी आत ओढायला लागलंच तर किनाऱ्याकडे सरळ झगडत बसायचं नाही, दम जातो, किनाऱ्याला समांतर जायचं, ओढ कमी झाली की मग बाहेर. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तर पाण्यात उतरूच नका, लांबून बघायला खूप सुंदर आहे. स्कुबा किंवा बोटीने जाणार असाल तर लाइफ जॅकेट स्वतः घालून पट्टे ओढून बघा, आणि काकूंना सांगून जा कोणाबरोबर, कधी परत.

लोकांशी कसं वागायचं

"एकटीच?" हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. नऊ वेळा तो काळजीने आलेला असतो, त्याला हसून उत्तर द्या. दहावा वेगळा असतो आणि तो पोटातूनच कळतो, तिथे "ताई-भावजी येतायत संध्याकाळी" असं सांगून चालायला लागायचं. हे खोटं मी बिनधास्त बोलते आणि तुम्हीही बोला. रूमचं नाव, नंबर कोणाला सांगायचा नाही. फोटो टाकायचे तर ती जागा सोडल्यावर. मुलांनाही हे सगळं लागू आहे, मामेभावाला दोन नव्या ओळखीच्या पोरांनी रात्री किनाऱ्यावर बसायला बोलावलेलं, त्याने सकाळी चहाला भेटू सांगितलं, बरोबर केलं.

परत येताना

मांडवी सकाळी कुडाळहून सुटते, म्हणजे मालवणहून लवकरची एसटी पाहिजे, आणि एक गाडी चुकली तरी दुसरीने पोचता येईल एवढा वेळ हातात ठेवून निघा. आदल्या रात्री काकूंचा हिशोब मिटवा, सकाळी घाई होते. खिडकीजवळची जागा मिळाली तर फार छान, रत्नागिरीच्या आधी पानवलचा पूल लागतो, ६० मीटरहून उंच, दरवाजात न जाता खिडकीतूनच बघा. रत्नागिरीनंतर करबुडेचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, बराच वेळ काळोख आणि गाडीचा आवाज एवढंच. त्याच्या आधीच डायरी काढून चार दिवसांचा खर्च लिहून घ्या, घरी गेलं की राहून जातं, आणि पुढच्या वेळी लांब कुठे जायचं असेल तर हाच कागद बाबांना दाखवायला लागतो.

आणि घरी फोन पनवेल आलं की करा. ठाण्याला उतरल्यावर गर्दीत जमत नाही, आणि आईचं घड्याळाकडे बघणं पनवेलच्या वेळेपासूनच सुरू झालेलं असतं.